आठ कोंबड्या आणि शंभराची बाटली

(गावाकडे कोंबड्या पाळणाऱ्या बहिणी आणि मुंबईत राहणारे त्यांचे भाऊबंद यांच्या परळ येथील एकत्र बैठकीत झालेले भाषण. जिल्हा बैठकांत वाचून दाखवता यावे म्हणून येथे दिले आहे.)

मायबहिणींनो आणि शेतकरी भावांनो,

भाऊ म्हणताना मी मुद्दाम शेतकरी भाऊ म्हणते. तुम्ही गिरगावात राहा, दादरला राहा, नाहीतर लालबाग-परळच्या चाळीतून टॉवरच्या सतराव्या मजल्यावर जा, गावच्या सातबाऱ्यावर तुमचं नाव आहे. आणि ज्या घराचा तो सातबारा आहे, त्या घरात तुमची आई, काकी नाहीतर वहिनी आज सकाळी उठली आणि चहाला आधण ठेवायच्या आधी खुराड्याचं दार उघडून आली.

ही बैठक ठरली तेव्हा एक भाऊ मला म्हणाले, "ताई, कर्जावर बोला, पाण्यावर बोला, जमिनीच्या भावावर बोला. कोंबड्यांवर काय बोलणार? आणि तेही परळमध्ये?" मी त्यांना म्हटलं, कोंबडीच्या आजारावर बोलायला परळइतकी योग्य जागा महाराष्ट्रात दुसरी नाही. का, ते पुढे सांगते. आधी कोंबडी म्हणजे काय ते बोलू.

आमच्याकडे घरातलं सगळं कुणाच्या तरी नावावर असतं. जमीन सासऱ्याच्या नावावर, घर दिराच्या नावावर, गाय-म्हैस नवऱ्याची. भात विकलं तर पैसा पुरुषाच्या खिशात जातो, काजू विकला तरी तिथेच जातो. कोंबडी ही एकच चीज अशी आहे की बाई ती कुणाला न विचारता विकते. पोराला वही पाहिजे, विकलं एक डझन अंडं. सुनेला दवाखान्यात न्यायचं, दिला एक कोंबडा. माहेरी जायचं तर एसटीच्या तिकिटाला नवऱ्यापुढे हात पसरायचा नाही. खुराडं म्हणजे बाईची बँक. पासबुक नाही एवढंच.

हिशेब करून बघा. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. घरात आठ कोंबड्या असल्या तर पाचशे अंडी धरा. त्यातली निम्मी विकली, दहा रुपयांना एक धरलं, तर अडीच हजार रुपये. उरलेली काही घरात खाल्ली, काही रवणीला बसवली. पिल्लं निघाली, त्यातली निम्मी घारीने, मुंगसाने, मांजराने नेली, तरी शिमग्याला आणि मे महिन्यात विकायला दहा-बारा कोंबडे-तलंगा निघतात. पाचशेला एक धरा. म्हणजे वर्षाला सात-आठ हजार रुपये, आणि खर्च काय? मूठभर कणी, तांदळाचा कोंडा, उष्टं-खरकटं. हा पैसा कुठल्याही सरकारी आकड्यात येत नाही आणि घरातल्या पुरुषाच्या हिशेबातही येत नाही. म्हणून तो बुडतो तेव्हाही कुणाच्या लक्षात येत नाही.

या परळ-लालबागकरांना मी एक आठवण देते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार. माझे वडील त्यातले एक. आम्ही लालबागच्या चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सात माणसं. सहा महिन्यांनी आईने आम्हा तिघा भावंडांना घेऊन गाव गाठलं. दोन वर्षं आमच्या घरात मीठ, तेल, काडेपेटी, साबण जे आलं ते आजीच्या कोंबड्यांवर आलं. वडील पुढे कधीही ही गोष्ट बोलले नाहीत. गिरणीचा माणूस, कोंबडीवर जगलो कसं म्हणणार! पण इथे बसलेल्यांत अशी घरं पुष्कळ आहेत हे मला माहीत आहे, म्हणून बोलले.

आता आजाराकडे येते.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. डॉक्टर त्याला राणीखेत म्हणतात. नाव राणीखेतचं पडलं, कारण १९२७-२८ च्या सुमारास हिमालयातल्या राणीखेत भागात तो आपल्या देशात पहिल्यांदा ओळखला गेला. त्याच्या आदल्याच वर्षी इंग्लंडात न्यूकॅसल गावी आणि तिकडे जावा बेटावर तो सापडला होता. म्हणजे जगभर फिरणारा आजार आहे, आपल्याच नशिबी आला असं नाही. आणि आपल्या बायकांनी त्याला नाव अचूक दिलं. कोंबडीची मान पिळवटते, डोकं पाठीवर उलटं पडतं, ती जागच्या जागी गरागरा फिरते. १९१८ साली माणसांत जो इन्फ्लुएंझा आला, त्यालाही जुनी माणसं मानमोडीच म्हणत.

तो कसा येतो ते तुम्ही पाहिलं आहे. पहिल्या दिवशी एखादी कोंबडी पंख ढिले सोडून कोपऱ्यात बसते. डोळे मिटते, दाणा टाकला तर उठत नाही. बाई म्हणते, ऊन लागलं असेल. दुसऱ्या दिवशी ती तोंड उघडून श्वास घेते, घशात घरघर, हिरवट-पांढरी हगवण. बाकीच्या एकदम अंडी द्यायच्या थांबतात. तिसऱ्या दिवशी मान. चौथ्या दिवशी दार उघडलं की खुराड्यात तीन मेलेल्या. आठवड्यात अंगण रिकामं. लस न दिलेल्या कळपात तो शिरला तर शंभरातल्या नव्वद नेतो, कधी शंभरच्या शंभर.

मग बाई काय करते? हळद देते, लसूण देते, कांद्याचा रस पाजते. कुणी सांगतं मेडिकलमधून माणसाची गोळी आण, ती पाण्यात विरघळवून पाजते. मी कुणाला हसत नाही. आजारी जीवाला आपण काहीतरी करतोय याचं समाधान असतं, आणि पाणी पाजणं, सावलीत ठेवणं चांगलंच आहे. पण मानमोडी विषाणूचा आजार आहे. त्याला ना हळद थांबवते, ना टेट्रासायक्लीनची पुडी. एकदा झाला की औषध नाही. हे स्पष्ट सांगते, कारण या औषधांवर पैसे घेणारे गावात पुष्कळ आहेत.

औषध नाही, पण लस आहे. आणि इथे परळची गोष्ट येते.

१८८० च्या सुमारास फ्रान्समध्ये पाश्चर नावाचा शास्त्रज्ञ कोंबड्यांच्या पटकीवर काम करत होता. उन्हाळ्यात पडून राहिलेलं जुनं जंतूंचं पाणी त्याने कोंबड्यांना टोचलं. त्या किंचित आजारी पडल्या, मेल्या नाहीत. मग त्यांनाच ताजे, जहाल जंतू टोचले, तरी मेल्या नाहीत. प्रयोगशाळेत जंतू दुबळा करून लस बनवायची विद्या तिथून सुरू झाली. आधी कोंबडी, मग माणूस! त्याच पाश्चरच्या संस्थेत काम केलेला हाफकिन मुंबईला आला. १८९६ साली मांडवीत प्लेग सुरू झाला होता. त्याने लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे १८९९ साली त्याची प्रयोगशाळा या परळमध्ये गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात आली, तीच आजची हाफकिन संस्था. त्याच्याही आधी, १८८६ पासून, इथे जनावरांच्या डॉक्टरांचं कॉलेज आहे आणि शेजारी बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचा जनावरांचा दवाखाना आहे. इथून बाहेर पडताना बघा, त्यांच्या भिंतीला लागून आपण रोज जातो. एवढी विद्या आपल्या दाराशी, आणि गावात आपली आई कोंबडीला लसूण भरवते.

प्लेगच्या वेळी आणखी एक गोष्ट झाली. मुंबईतून लाखो माणसं पळाली. घाबरलेला माणूस पळणारच. पण त्यांच्या बोचक्यांबरोबर साथही गेली, पुण्याला पोचली. मानमोडीचंही तेच आहे. ती वाऱ्यावर येते, देवाच्या कोपाने येते असं म्हणतात. बहुतेक वेळा ती पिशवीतून येते. आणि पिशवी कुणाच्या हातात असते?

भावांनो, राग मानू नका. शिमगा येतो, पालखी घरोघर फिरते, तुम्ही दादरहून गाड्या भरभरून येता. मे महिन्यात पोरं घेऊन येता, लालबागहून मसाला घेऊन येता. घरात आठ कोंबड्या आहेत, आणि वीस माणसांना कोंबडी-वडे पाहिजेत. मग कोंबड्या कमी पडतात. बाजारातून, दुसऱ्या वाडीतून, रस्त्यावरच्या टेम्पोवाल्याकडून कोंबड्या आणल्या जातात. पायाला सुतळी बांधून रात्रभर आपल्याच अंगणात ठेवल्या जातात. पिसं, आतडी, रक्ताचं पाणी परसात फेकलं जातं. आपल्या कोंबड्या तिथेच चरतात. आठ दिवसांनी तुम्ही मुंबईला परत, आणि मागे अंगणात मर. उन्हाळ्यात मानमोडी जास्त का, असं लोक विचारतात. ऊन हे एक कारण असेल. पण आमच्याकडे शिमगा ते मे कोंबडी जेवढी फिरते तेवढी वर्षभरात फिरत नाही, हे मी वर्षानुवर्षं बघते आहे.

याला उपाय तुम्हाला चांगला ठाऊक आहे. २०२० साली कोरोनात तुम्ही गावाला आलात तेव्हा गावाने तुम्हाला कुठे ठेवलं होतं? शाळेत. किती दिवस? चौदा. (हशा) तेव्हा तुम्ही रागावलात, घरचं ताट लांबून सरकवलं म्हणून रुसलात. तोच नियम आता कोंबडीला लावा. बाहेरून आणलेली कोंबडी पाळायची असेल तर चौदा दिवस वेगळ्या डालग्यात, वेगळं भांडं, वेगळा दाणा, आणि तिचं काम सगळ्यात शेवटी करायचं, मग हात धुवायचे. कापायची असेल तर आणली त्याच दिवशी कापायची, आणि घाण खड्ड्यात पुरायची. एवढं तुम्ही पाळलं तरी आमच्या अर्ध्या कोंबड्या वाचतील.

आता लशीची अडचण सांगते. खरी अडचण इथेच आहे, म्हणून जरा वेळ घेते.

लहान पिल्लाला पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा नावाची लस देतात. डोळ्यात नाहीतर नाकपुडीत एक थेंब. महिन्याभराने पुन्हा एक थेंब. मग दोन महिन्यांचं झालं की पंखाखाली सुईने आर-टू-बी, अर्धा मिली. ही दुसरी लस जहाल आहे, लहान पिल्लाला द्यायची नाही. पुढे वर्षाला एकदा तरी. पुण्याला औंधमध्ये सरकारची जनावरांच्या लशी बनवणारी संस्था आहे, खाजगी कंपन्याही बनवतात. एका कोंबडीला येणारा खर्च चहाच्या अर्ध्या कपाएवढाही नाही.

मग बाई ती देत का नाही? अडाणी आहे म्हणून? मुळीच नाही. बाटली शंभर कोंबड्यांची येते. दोनशेची येते, हजाराचीही येते. आठ कोंबड्यांची येत नाही. लस बनवली जाते हजारोंचा शेड असलेल्यासाठी. बाटली फोडून पाण्यात कालवली की दोन तासांत संपवावी लागते, उरलेली फेकायची. ती दोन ते आठ अंशांवर थंड ठेवावी लागते, आणि आमच्याकडे वीज गेली की दोन दिवस येत नाही. आठ कोंबड्यांची बाई तालुक्याला जाऊन, एसटीचं भाडं घालून, शंभराची बाटली आणून ब्याण्णव डोस गटारात ओतेल का? मी तरी नाही ओतणार. ऑस्ट्रेलियात ही अडचण ओळखून गावठी कोंबड्यांसाठी उष्णतेत टिकाव धरणारी लस बनवली, आय-टू नावाची, आणि आफ्रिका-आशियातल्या पुष्कळ गावांत ती वापरली गेली. आपल्याकडेही छोट्या, टिकाऊ बाटलीची मागणी आपण केलीच पाहिजे. पण मागणी मान्य होईपर्यंत कोंबड्या थांबणार नाहीत.

आमच्या वाडीत आम्ही काय करतो ते सांगते. चौदा घरं आहेत. एका घराच्या कोंबड्या आठ, दुसऱ्याच्या पंधरा, एका म्हातारीच्या दोनच. सगळ्या मिळून सव्वाशेच्या आसपास भरतात. म्हणजे शंभराच्या दोन बाटल्या नाहीतर दोनशेची एक. जानेवारीत, भात झोडून झालेलं असतं, शिमगा अजून लांब असतो, तेव्हा एक रविवार ठरवतो. लस दिल्यावर अंगात ताकद यायला दोन आठवडे जातात, म्हणून पाहुणे यायच्या पुष्कळ आधी. एक आठवडा अगोदर सगळ्यांना जंताचं औषध. शनिवारी संध्याकाळी प्रत्येक घरात जाऊन सांगायचं, उद्या सकाळी खुराडं उघडायचं नाही. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण एकदा कोंबडी सुटली की तिच्यामागे धावण्यात अर्धा दिवस आणि दोन तासांची लस दोन्ही जातात. रविवारी पहाटे तालुक्याहून आणलेली लस बर्फाच्या थर्मासात. बर्फ मासळीवाल्याकडून. जनावरांच्या डॉक्टरांनी वाडीतल्या दोन मुलींना टोचायला शिकवलं, पहिल्या वर्षी ते स्वतः उभे राहिले. आता त्या मुली दीड तासात चौदा घरं उरकतात. टोचलेल्या कोंबडीच्या पायाला लाल दोरा. दर कोंबडीमागे दोन रुपये काढतो, बाकीची भर गेल्या दोन वर्षांपासून मुंबईचं मंडळ घालतं. टोचणाऱ्याने नंतर हात साबणाने धुवायचे, डोळ्याला लावायचे नाहीत, नाहीतर दोन दिवस डोळे लाल होतात.

पहिल्या वर्षी एक घर नाही म्हणालं. त्यांचं म्हणणं, लस टोचली की कोंबड्या मरतात, दुसऱ्या वाडीत बघितलं. ते खोटं बोलत नव्हते. दुसऱ्या वाडीत मर सुरू झाल्यावर घाबरून लस टोचली होती. ज्यांच्या अंगात आजार आधीच शिरला होता त्या मरणारच होत्या, नाव लशीचं झालं. लस साथीच्या आधी द्यायची असते. त्या घराशी आम्ही भांडलो नाही. पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी आमच्या अंगणातल्या कोंबड्या मोजल्या, आणि नंतरच्या जानेवारीत आपणहून खुराडं बंद ठेवलं.

बाकीचे आजार भराभर सांगते. देवी येतात, तुऱ्याला आणि डोळ्यापाशी खपल्या धरतात. डास पसरवतात. बहुतेक कोंबड्या जगतात, डोळा बंद झालेल्यांना हाताने भरवावं लागतं. पावसाळ्यात तीन ते सहा आठवड्यांच्या पिल्लांना रक्ती हगवण लागते. खुराड्यात ओल राहिली की लागते, म्हणून तूस-भुसा कोरडा ठेवा. हिला मात्र औषध आहे, डॉक्टरांकडून आणा, पाण्यातून द्या, आणि पहिलं रक्त दिसलं त्याच दिवशी. जंत आणि अंगावरच्या उवा मारत नाहीत, पण कोंबडी अंडी देत नाही आणि बाई म्हणते म्हातारी झाली. तिला राखेत लोळायला जागा करा.

तरीही मर आलीच तर?

पहिली गोष्ट, विकायची नाही. हे बोलायला सोपं आहे. एक मेली की बाईचा जीव घाबरतो, उरलेल्या सात तरी पैशात जाऊ देत म्हणून ती अर्ध्या किमतीत टेम्पोवाल्याला देते. मी तिला दोष देत नाही, तिची सगळी बँक बुडते आहे. पण त्या सात कोंबड्या सात गावांत मानमोडी नेतात, आणि पुढच्या वर्षी तीच मर फिरून आपल्या दारात येते. वाडीने मिळून ठरवलं तरच हे जमतं. आमच्याकडे ठरलं आहे की मर आलेल्या घराने विकायचं नाही, आणि वाडीने त्या घराला पुढे पिल्लं द्यायची. नुसतं विकू नको म्हणून सांगणाऱ्याचं कुणी ऐकत नाही.

दुसरी गोष्ट, मेलेली कोंबडी ओढ्यात, रस्त्यावर, शेतात फेकायची नाही, कुत्र्याला घालायची नाही, खायचीही नाही. हाताला प्लास्टिकची पिशवी बांधा, कंबरभर खोल खड्डा, वर चुना, वर माती, वर दगड. आजारी असलेल्या वेगळ्या. त्या घरच्या माणसाने दुसऱ्याच्या खुराड्यात जायचं नाही. चपलेच्या तळव्यालाही आजार चिकटतो.

तिसरी गोष्ट, एकदम बऱ्याच मेल्या तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. इथे लोक घाबरतात. बर्ड फ्लू निघाला तर सरकार सगळ्या मारून टाकील! भीती खरी आहे. देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये निघाला. मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यातल्या गावांत निघाला, आणि तिथे परसातल्या कोंबड्या होत्या. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी आठशेच्या आसपास कोंबड्या मेल्या. त्याच वेळी मुंबई, ठाणे, दापोलीला मेलेल्या रानपाखरांत तो सापडला. म्हणजे मुंबईचा कावळाही यातून सुटला नाही. साथ निघाली की एक किलोमीटरच्या आतल्या सगळ्या कोंबड्या मारतात, तुमची धडधाकट असली तरी. ज्या बाईच्या अंगणात डोळ्यादेखत हे होतं तिला काय वाटतं, ते कुठल्याही परिपत्रकात लिहिलेलं नाही.

पण भरपाईचं गणित समजून घ्या. भरपाई सरकारने मारलेल्या कोंबडीची मिळते, आजाराने मेलेल्या कोंबडीची नाही. २०२१ साली आपल्या राज्यात आठ आठवड्यांवरच्या अंड्याच्या कोंबडीला ९० रुपये धरले होते. पाचशेच्या कोंबडीला ९० रुपये हा काही भाव नाही, आणि या दरावर आपलं भांडण आहेच. तरी लपवून ठेवलं आणि सगळ्या मेल्या, तर तेही नाहीत. शिवाय घरी बसून मानमोडी कुठली आणि बर्ड फ्लू कुठला हे कुणालाच सांगता येत नाही, आणि बर्ड फ्लू माणसाला जीवघेणा ठरू शकतो. नमुना पुण्याला औंधच्या रोग अन्वेषण विभागात जातो, तिथून भोपाळच्या प्रयोगशाळेत. तो डॉक्टरांनीच न्यायचा. मेलेली कोंबडी पिशवीत घालून परळच्या दवाखान्यात दाखवायला कुणी एसटीने आणू नका, असं करणारी माणसं मला माहीत आहेत.

आणि अफवेवर जाऊ नका. २०२० च्या फेब्रुवारीत कोंबडी खाल्ली की कोरोना होतो असं मोबाईलवर फिरलं, आणि धडधाकट कोंबड्या फुकट वाटायची पाळी पोल्ट्रीवाल्यांवर आली. ती मर विषाणूने आणली नव्हती.

आता एक गोष्ट बोलते, ती सभेत बोलायची पद्धत नाही. अंगण रिकामं झालं की बाई रडते. घरातले हसतात, कोंबडीसाठी कोण रडतं! ज्या कोंबडीला तिने डालग्याखाली ठेवून घारीपासून वाचवलं, जी खुडूक बसली तेव्हा तिच्यापुढे पाण्याची वाटी ठेवली, जी तिच्या हाकेला माजघरात येते, ती मान उलटी पडून तीन दिवस तडफडते, आणि हिने काही करायचं नाही? तिला मोकळं करायचं की पाणी पाजत राहायचं हे तिलाच ठरवावं लागतं. मान पूर्ण उलटली, पाणीही गिळत नाही, तर तिला सोडवणं हेच बरं असं माझं मत आहे, आणि ते काम घरातल्या पुरुषाने अंगावर घ्यावं. नेहमी कोंबडा कापायला पुढे असता, मग आताच का मागे? लहान पोरांना खोटं सांगू नका, पळून गेली म्हणून. त्यांना खड्डा दाखवा, हात धुवायला लावा.

मग खुराडं. आतला सगळा कचरा काढून जाळा. घासून धुवा, चुना लावा, दारं उघडी टाकून उन्हात ठेवा. निदान महिना-दीड महिना त्यात कोंबडी नको. जी एखादी जगली-वाचली असेल तिचा मोह आवरा. ती बरी दिसली तरी काही आठवडे आजार पसरवू शकते, नवी पिल्लं तिच्याजवळ सोडायची नाहीत. घाईघाईने बाजारातून तलंगा आणू नका, बहुतेक वेळा दुसरी मर अशीच येते. ज्या घरात मर नव्हती त्या घरची दहा-बारा अंडी आणि एक खुडूक कोंबडी उसनी आणा. एकवीस दिवसांत पिल्लं निघतात, सातव्या दिवशी थेंब, आठ-नऊ महिन्यांत पुन्हा अंडी. मधल्या काळात तिच्या हातात पैसा नसतो. मुंबईकर भावांनो, दर महिन्याला भावाच्या नावाने पाठवता त्यातले तीनशे रुपये तेवढे दिवस वहिनीच्या हातात द्या, आणि हिशेब विचारू नका.

मागच्या बाजूला टेबलावर दोन मुली वह्या घेऊन बसल्या आहेत. जाताना वाडीचं नाव, घरं किती, कोंबड्या किती, जवळ बर्फ कुठे मिळतो आणि जानेवारीतला कोणता रविवार जमेल, एवढं लिहून द्या. कोंबड्या किती ते माहीत नसेल तर आत्ताच गावाला फोन लावून विचारा. मालक म्हणून नाव बाईचं लिहायचं आहे, तेही विचारून घ्या, नुसतं "आई" म्हणून लिहू नका.